अर्थ कुठं पुरलाय

"आत्या, घर चावतं," असं माझी सून म्हणाली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. मी मान वर न करता विचारलं, "कुठं चावतं?"

"हाताला."

"डास असंल."

"डास नाही हो. फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. मोरीतल्या नळाला लावला तरी येतात. सकाळीच. दुपारी काही नसतं."

मी ताट बाजूला ठेवलं, उठले, फ्रिजला हात लावला. गार लोखंड. नळाला लावला. ओला नळ. मला काही झालं नाही. तसं मी तिला सांगितलं आणि परत तांदूळ निवडायला बसले. चैत्राचे दिवस होते. बागेतली द्राक्षं उतरून बेदाण्याच्या शेडवर गेली होती आणि गावात सगळ्यांच्या अंगाला गोडसर आंबट वास येत होता.

घरात आम्ही दोघीच. मुलगा फौजेत, बर्फात कुठंतरी. मालक दोन वर्षांपूर्वी पुढच्या खोलीत, दुपारी चहा पिता पिता गेले. बाग दीर बघतात, ते शेजारीच राहतात. सून सांगलीची, बारावी शिकलेली. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नवरा वर्षातून दोनदा येतो, मूल कुठून होणार, हे मला कळत होतं. गावाला कळत नव्हतं. म्हणजे कळत असणार, पण बोलायला तेवढंच होतं.

मी त्या दिवशी तिच्यावर हसले नाही. त्याला कारण आहे. माझं माहेर कोयनेकडचं. मी चौथीत होते तेव्हा मोठा भूकंप झाला, शाळेची भिंत पडली, आणि माझी शाळा तिथंच संपली. आम्ही पुढं कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. भुई त्यानंतरही हलत राहिली. दिवसातून दोनदा, चारदा. हलायच्या आधी खालून आवाज यायचा, जात्यावर कोणी रिकामाच दळतंय तसा. आधी कोंबड्या गप्प व्हायच्या, मग आवाज, मग हलणं. माझा बाप शेडच्या कोपऱ्यात पितळी घागर पालथी घालून तिच्या बुडावर तांब्या पालथा ठेवायचा आणि तांब्यावर वाटी. वाटी पडली की पोरं उचलायची आणि बाहेर पळायचं. मी लहानपणी त्या वाटीकडं बघत जेवले आहे. अजून कुणी भांडी रचून ठेवली की मला घास गिळवत नाही.

त्यामुळं सून घर चावतं म्हणाली तेव्हा माझ्या मनात भूत आलं नाही. मला भुताचं भय नाही, मी एकही बघितलं नाही. माझ्या मनात भुई आली. वाटलं, ही पोर पायानं काहीतरी ऐकते आहे, जे मला आता म्हातारपणी ऐकू येत नाही. मी दुसऱ्या दिवशी माळ्यावरची घागर काढली, स्वयंपाकघरात पालथी घातली, वर तांब्या, वर वाटी. सून बघत राहिली.

"हे काय आत्या?"

"असू दे."

वाटी पडली नाही. आठवडाभर तशीच राहिली. सुनेच्या हाताला मुंग्या मात्र रोज सकाळी येत होत्या.

मांजर होतं आमच्याकडं एक. सकाळी दूध काढताना फ्रिजला अंग घासायची त्याला सवय. एका सकाळी ते अंग घासायला गेलं आणि वीतभर उडालं, आणि कुणी हाकललं नसताना खिडकीतून बाहेर पळालं. परत घरात आलं नाही. उंबऱ्याबाहेर बसून आत बघत राहायचं. दूध बाहेर नेऊन ठेवावं लागायचं. माणसाचं मी खरं धरलं नसतं, पण मांजराला नाटक करायचं काय कारण?

माझी धाकटी जाऊ रोज दुपारी यायची. घर दुपारी गप्प असायचं. ती फ्रिज उघडून पाण्याची बाटली काढायची, नळावर हात धुवायची, आणि म्हणायची, "कुठं चावतंय गं? आमाला वळखत न्हाई व्हय तुजं घर?" मग मला बाजूला घेऊन, "अक्का, तिला म्हायेरी जायाचंय. ही समदी त्याची तयारी."

"जायचं असंल तर तोंडानं सांगंल की. तिला तोंड हाय."

"मग भायेरचं आसंल. औंधाला घिऊन जाऊ. यमाईपुढं उभी करू. काय आसंल तर निगंल."

हे सुनेनं ऐकलं. ती बाहेर आली, पदर खोचलेला, हाताला पीठ. म्हणाली, "काकी, देवीला मी एरवी शंभर वेळा येईन. मला काही झालंय म्हणून नेणार असाल तर एक पाऊल उचलणार नाही."

जाऊ म्हणाली, "बगा. ही ती बोलती का आनी कोन बोलतंय?"

त्याच संध्याकाळी सून मला म्हणाली, "आत्या, मला वाटतं करंट असेल. वायरमनला बोलवूया."

मी म्हणाले, "करंट काय माणूस बघून लागतो? तुला लागतो, मला लागत न्हाई, काकीला लागत न्हाई?"

याचं उत्तर माझ्याकडंही नव्हतं, पण मला ते लागत नव्हतं.

आता मध्येच एक गोष्ट सांगते, ती तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हती. फाल्गुनात मी मागच्या दारी कपडे वाळत घालायला तार बांधली होती. द्राक्षबागेतल्या माणसाला मोकळी तार बघवत नाही. दिसली की ओढून ताणावीशी वाटते. मागच्या भिंतीवरून एक जाड तार खाली येत होती आणि सरळ जमिनीत जात होती. बांधकामाच्या वेळेपासून होती. एक टोक घरात, दुसरं मातीत. ना दिवा, ना मोटार, कुठंच जोडलेली नाही. मातीत जाणाऱ्या तारेचा कुणाला काय उपयोग? मी ती उपटायला लागले, तर खाली कशाला तरी पक्की होती. मग पहारीनं माती उकरली, गंजलेला जोड होता तो तोडला, आणि ती तार अंगणातून ओढून समोरच्या शेवग्याला ताणून बांधली. चांगली कडक तार. चार चादरी एका वेळी बसायच्या. सून म्हणाली, "बरं झालं आत्या, प्लॅस्टिकची दोरी सारखी लोंबायची." मी कौतुक करून घेतलं.

कपडे वाळत घालायचं काम तिचं होतं. माझे गुडघे वर हात करून उभं राहू देत नाहीत.

ती तारही चावते, असं ती चैत्राच्या शेवटी म्हणाली. म्हणजे घर आता घराबाहेर आलं होतं. हे ऐकून माझ्या जावेनं तोंडावर पदर घेतला.

वायरमन सुनेनं मला न विचारता बोलावला. तो आला त्या सकाळी ती तासगावला डॉक्टरकडं गेली होती, पहिल्या एसटीनं. जावेनंच पाठवलं होतं, डोक्याचं काही आहे का बघायला. मी अंघोळीसाठी गिझर लावला होता. गिझर मुलानं थंडीत सुट्टीवर आल्यावर बसवून दिलेला. पोरगा दारात उभा राहिला, तिशीचा असेल, खिशात टेस्टर.

"काकू, वैनींनी बोलावलंय. फ्रिज चावतोय म्हनं."

"तिलाच चावतो," मी म्हणाले. "बघ काय बघायचं ते."

त्यानं टेस्टर फ्रिजला लावला. टेस्टरमध्ये बारीक लाल दिवा लागला. नळाला लावला, लागला. तो मोरीच्या दारात उभा राहिला. त्याचं तोंड मला आवडलं नाही. मयताच्या घरी आलेल्या माणसाचं असतं तसं तोंड.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्या घराला अर्थ न्हाई."

मी म्हणाले, "काय म्हणालास?"

"अर्थच न्हाई घराला. पयला आसनार. कुठं पुरलाय अर्थ?"

हे वाचणाऱ्याला हसू येईल. मला आलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले. अर्थ म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. धड्याखाली नवीन शब्द असायचे आणि समोर त्यांचे अर्थ, बाई एकेकाला उभं करून विचारायच्या, आणि मी त्यात कधी चुकले नाही. ज्या घरात नवरा गेला, लेक बर्फात आहे, सून चार वर्षं रिकाम्या मांडीची आहे आणि आता भिंतींशी भांडते आहे, त्या घरात उभा राहून एक परका माणूस सांगतो की या घराला अर्थ नाही. आणि वर विचारतो, कुठं पुरलाय. घरात काय पुरतात ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. लिंबू पुरतात, टाचण्या टोचलेली बाहुली पुरतात. मला वाटलं, हा नुसता वायरमन नाही. याला कुणीतरी शिकवून पाठवलंय. जावेवरही माझा संशय गेला.

मी म्हणाले, "आमच्या घरात काय पुरत न्हाईत."

"पुरावंच लागतं काकू. त्याबिगर घर चालत न्हाई." तो अगदी गरिबीनं बोलत होता, त्यानं मला जास्तच भीती वाटली. "मालकांस्नी सांगा. अर्थ नसलेल्या घरात येखांदं मानूस कवा जाईल सांगता येत न्हाई."

"मालक गेले," मी म्हणाले. "आणि तूही चालता हो."

"आवं काकू, पन..."

"तुझ्या घराला अर्थ हाय का बघ आधी. ऊठसूट लोकांच्या घरात माणसं मारायला निघालाय. चल."

मी कोपऱ्यातला केरसुणीचा बुडखा उचलला होता. तो गेला. जाताना पायरीवरून ओरडून काहीतरी गिझरचं बोलला. मी दार लावलं. मग त्याची पावलं जिथं जिथं पडली होती तिथं पाणी मारून फरशी पुसून काढली. भुतावर माझा विश्वास नाही म्हणते आणि हेही केलं. दोन्ही खरं आहे.

दुपारी सून आली. डॉक्टरनं शक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या. तिनं विचारलं, "वायरमन आला होता का?"

मी म्हणाले, "आला आणि गेला. काय निघालं न्हाई."

ती पायरीवरच बसली. आत्तापर्यंत ती माझ्याशी, जावेशी, सगळ्यांशी भांडत होती, कारण तिचा स्वतःवर भरवसा होता. तो मी एका वाक्यानं काढून घेतला. मला तेव्हा ते दिसलं. मी समोरच होते. तिनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत, आणि म्हणाली, "मग मलाच काहीतरी व्हायला लागलंय आत्या."

मी म्हणाले, "जेव आता."

त्यानंतर ती घरात वेगळीच वागायला लागली. फ्रिज पदरानं उघडायची. नळ फडक्यानं सोडायची. भिंतीपासून हातभर लांबून चालायची. बोलायची बंद झाली. सकाळी ती मोरीत गेली की आतून पाण्याचा आवाज येण्याआधी बराच वेळ नुसती शांतता असायची. ती नळासमोर उभी राहून धीर गोळा करत असायची. मी स्वयंपाकघरात बसून ती शांतता ऐकायचे. मला खालून जात्याचा आवाज येईल असं वाटत राहायचं. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. मला हलणारी भुई माहीत होती, न हलणारी माहीत नव्हती.

जावेनं माझ्या मुलाला फोन केला. मुलगा मला म्हणाला, "आई, तिला सांगलीला पाठव काही दिवस. तिकडं मोठ्या डॉक्टरला दाखवतील. मी सुट्टी मिळाली की बघतो." तो काही दिवस म्हणाला. पण डोक्याची म्हणून माहेरी पाठवलेली बाई काही दिवसांनी परत येत नाही. माझ्या माहेरच्या गावची एक सून तशीच गेली होती, ती पुढं तिकडंच भाजी निवडत म्हातारी झाली. हे मला माहीत होतं, सुनेलाही माहीत होतं. तरी ती नाही म्हणाली नाही. रविवारी तिचा भाऊ न्यायला येणार, असं ठरलं. तिनं पिशवी भरली. लग्नातली साडी घ्यायची की नको यावर तिचा हात थांबला, ते मी दारातून बघितलं. तिनं ती घेतली.

रविवारी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. गिझर लावला, डोक्यावरून न्हाली. मग घरातले सगळे मळके कपडे काढून धुतले, माझी लुगडीही. जाताना घर स्वच्छ ठेवून जायचं. मी मागच्या दाराच्या पायरीवर बसून चहा पीत होते. अंगणात तिनं धुण्याचं पाणी सांडलं होतं, चिखल झाला होता. ती अनवाणी होती, केस ओले, पाठीवर मोकळे. तिनं पिळलेलं लुगडं खांद्यावर घेतलं, तारेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि फडकं न घेता उघड्या हातानं तार धरली. पुढं तिनं मला सांगितलं की मुद्दामच धरली. म्हणाली, मला शेवटचं बघायचं होतं, की घर वेडं आहे की मी.

ती ओरडली नाही. हेच मला आठवतं. काहीच आवाज झाला नाही. तिचा हात तारेवर मिटला आणि ती उंच झाली, टाचा वर उचलल्या गेल्या, मान मागं गेली. तार बारीक थरथरत होती आणि तारेबरोबर तीही. डोळे उघडे होते आणि माझ्याकडं होते. खांद्यावरचं लुगडं हळूहळू घसरून चिखलात पडलं. बाजूच्या घरी कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

मोटारीला चिकटलेला माणूस मी एकदा बघितला आहे, दिराच्या विहिरीवर. त्याला सोडवायला गेलेलाही चिकटला होता. हात लावायचा नाही, एवढं डोक्यात होतं. शेवग्याला शेंगा काढायची बांबूची आकडी टेकवलेली होती, वर्षभर उन्हात वाळलेली. माझे गुडघे कसे चालले मला माहीत नाही. मी आकडी उचलली आणि तिच्या हातावर वरून मारली. पहिल्यांदा सुटला नाही. दुसऱ्यांदा सगळा जोर लावून मारली. हाड वाजलं. ती चिखलात पडली.

कुंपणापलीकडून जाऊ बघत होती. तिला दिसलं ते एवढंच, की सून माहेरी निघालीय आणि सासू तिला बांबूनं मारतीय. तिनं बोंब मारली, "आवं धावा, अक्कानं सुनंला मारलं." त्यानं एक झालं, माणसं जमली आणि गाडी मिळाली.

तासगावच्या दवाखान्यात तिला दोन दिवस ठेवलं. तळहातावर आडवी काळी रेघ उठली होती, तारेच्या जाडीची. मनगटाचं हाड मी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाला, "कुणी सोडवलं? थोडक्यात वाचल्या." मी म्हणाले, "मी." सांगलीहून आलेला भाऊ माझ्याकडं बघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा दिरांनी वायरमनला बोलावून ठेवलं होतं. तोच पोरगा. त्यानं गिझर उघडून बघितला, आतलं काहीतरी फुटलं होतं आणि वीज पाण्याच्या टाकीच्या लोखंडात उतरत होती. मग तो भिंतीच्या कडेनं तार शोधत मागच्या दारी आला. तार भिंतीवरून खाली येऊन अंगणातून शेवग्याकडं वळली होती. तो तिथं उभा राहिला.

"ही कुणी उपटली?"

दीर म्हणाले, "पोरांनी केलं आसंल."

मी म्हणाले, "पोरं कुठं हायत या घरात? मी उपटली."

"काकू, हा अर्थ हाय," तो म्हणाला. "त्या दिशी मी ह्योच इचारत हुतो. घरात कुठं करंट फुटला तर तो या तारंनं भुईत जातो. तुमी भुईतनं काडला आनी कापडं वाळत घालायच्या तारंला लावला. मंग तो जायाचा कुठं? फ्रिजमंदी, नळामंदी, तारंवर, समदीकडं बसला. गिझर चालू आसंल तवर. मी सांगितलं हुतं की, अर्थ न्हाई म्हनून. वैनींस्नी सांगितलं न्हाई का तुमी?"

सून खाटेवर बसली होती, हाताला प्लास्टर. तिनं माझ्याकडं बघितलं. सगळे होते तिथं. दीर, जाऊ, तिचा भाऊ, वायरमन.

मी म्हणाले, "न्हाई सांगितलं. तू काय बोलतोस ते मला कळलं न्हाई. मला वाटलं तू आमच्या घराला नावं ठेवतोस. तिनं विचारलं तर मी सांगितलं, काय निघालं न्हाई म्हणून."

जावेनं माझ्याकडं वळून बघितलं.

मग सून म्हणाली, "आत्या, इंग्रजीत भुईला अर्थ म्हणतात."

"कशाला?"

"भुईला. पृथ्वीला. माती, जमीन, सगळ्याला तोच शब्द. अर्थ."

मी म्हणाले, "मग भुई न्हाई असं म्हणायचं की सरळ."

वायरमन म्हणाला, "भुई तर हायच की काकू. घर भुईवरच हाय. पन घराला भुई न्हाई."

हे मला कळलं. लहानपणी आम्हाला भुईनं घराबाहेर काढलं म्हणून मी जन्मभर पायाखाली कान लावून बसले, भुई कधी हलेल म्हणून. घागरीवर तांब्या आणि तांब्यावर वाटी रचली. आणि इथं भुई नव्हती म्हणून पोर मरत होती.

एक कोडं राहिलं होतं, ते मीच विचारलं. "मला का लागला न्हाई?"

त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. माझ्या टाचा फुटतात, भेगांतून रक्त येतं. डॉक्टरनं सांगितल्यापासून मी घरातही रबरी चपला घालते, चुलीपुढं आणि मोरीतसुद्धा. जावेनं त्यावरून मला किती बोलून घेतलंय. आणि ती स्वतः दुपारी यायची, गिझर बंद असताना. सकाळी, ओल्या फरशीवर, अनवाणी, घरात एकटी सूनच असायची.

भाऊ म्हणाला, "चल ताई. पिशवी भरलेलीच आहे."

मला बोलायला तोंड नव्हतं. जा म्हणणं माझ्या हातात नव्हतं आणि राहा म्हणणं तर नव्हतंच. मी उठून तिची पिशवी आणून तिच्यापुढं ठेवली. म्हणाले, "तुझ्या डोक्याला काय झालेलं न्हाई. हे मी गावात घरोघर जाऊन सांगीन, तू राहा न्हाईतर जा. खोटं मी बोलले. आता तुला काय करायचं ते कर."

ती गेली. हात बरा होईपर्यंत दीड महिना सांगलीला राहिली. मी सांगितल्याप्रमाणे घरोघर गेले. बायका चहा करायला उठायच्या, मी म्हणायचे, चहा नको, ऐका. काहींना माझ्या खोटेपणाचं काही वाटलं नाही, त्यांना बांबूची गोष्ट परत ऐकायची होती. एक म्हणाली, "पन अक्का, करंट तरी तिच्याच हाताला का यावा?" तिला मी चपला दाखवल्या. तिला पटलं नाही.

वायरमननं मागच्या दारी कमरेइतका खड्डा काढला. तांब्याचा पत्रा पुरला, मीठ, कोळसा घातला, तार जोडली, आणि वर एक पाइप उभा केला. म्हणाला, "काकू, उन्हाळ्यात या पाइपात पानी घालत जावा. भुई वाळली की अर्थ ऱ्हात न्हाई."

ज्येष्ठात सून परत आली. एकटी, एसटीनं, तीच पिशवी घेऊन. मी दारात होते. ती आत आली नाही. आधी मागच्या दारी गेली, पाइपाजवळ उभी राहून बघितलं, पायानं माती दाबून बघितली. पाऊस अजून नव्हता, पण तिथं माती ओली होती.

"कोण घालतं पाणी?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"घालत जा," ती म्हणाली. "हे काम आता तुमचं." ती मला तुम्ही म्हणायची आणि अजून म्हणते, पण त्या वाक्यात चुकून जा आलं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मग ती आत यायला निघाली, पण उंबऱ्यावर थांबली. फ्रिज तिथून दिसतो. ती बघत राहिली. तळहातावरची रेघ दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळत राहिली.

मी चपला काढल्या. फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, त्यात अनवाणी उभी राहिले, गिझर चालू केला, आणि उघडा हात फ्रिजला लावला. मग नळाला. पाणी भेगांत झोंबलं, एवढंच. ती आत आली.

त्याला आता पाच वर्षं झाली. मांजर मात्र परत आत आलं नाही, बाहेरच मेलं. जाऊ म्हणते मी मातीतल्या पाइपाची पूजा करते. कुणीतरी त्याला हळदकुंकू लावून जातं, मी पुसत नाही.

रोज सकाळी सून उठायच्या आधी मी चपला दाराशी काढते, पाइपात तांब्या रिकामा करते, ओल्या पायानं आत येते, गिझर लावते आणि आधी फ्रिजला, मग नळाला हात लावते. अजून काही लागलेलं नाही. हात लावायच्या आधी मी क्षणभर थांबते, आणि त्या वेळेला घरात अगदी शांत असतं. मोरीत ती उभी असायची तेव्हा असायचं, तसंच. मग लावते.